लीलाक्कांची काडी

लीलाक्कांना कुणाचंही बोलणं पुरतं ऐकून घेता येत नसे. समोरचा दुसऱ्या वाक्याला लागला की त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं हवेत कात्रीसारखी उघडमीट करायला लागत आणि त्या म्हणत, "मधलं काढा." मग समोर प्राचार्य असोत की भाजीवाली. स्नेहसंमेलनाच्या एका पाहुण्यांनी पहिल्या रांगेतली ती बोटं पाहिली, आपली वेळ संपली असं समजून ते अर्ध्या वाक्यावर खाली बसले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला, अशी गोष्ट त्यांच्या कॉलेजात सांगत. मी ती खरी धरतो, कारण पहिल्या भेटीत माझीही तीच गत झाली होती.

मी जनावरांचा डॉक्टर. कागल रस्त्याला एका दूध संघाचं कृत्रिम रेतनाचं केंद्र आहे, तिथे माझी नोकरी. रेड्यांच्या वीर्याच्या बारीक नळ्या द्रव नायट्रोजनच्या कॅनमध्ये बुडवून ठेवायच्या. म्हैस माजावर आल्याचा गावातून फोन आला की आमचा सदाशिव मोटारसायकलला छोटा कॅन बांधून निघतो आणि म्हैस भरवून येतो. नायट्रोजन इतका गार की त्यात बोट घातलं तर ते बोट विसरायचं. शिवाय तो सारखा उडून जात असतो. म्हणून पट्टी बुडवून पातळी मोजत राहायची आणि टँकर आला की कॅन भरून घ्यायचे. सांगण्यासारखं या नोकरीत एरवी काही नाही.

एका दुपारी एक ठेंगण्या बाई स्कूटरवरून आल्या. कपाळावर विभूतीचे पट्टे, सुती साडी, पायात शाळेतल्या पोरांचे असतात तसे कॅनव्हासचे बूट आणि बाजाराच्या पिशवीत थर्मास. पाणी विचारावं म्हणून मी उठलो, तर त्यांनीच विचारलं, "नायट्रोजन हाय काय हो तुमच्यात?"

मी खुर्ची सावरून सुरुवात केली. हा संघाचा माल आहे, बाहेरच्यांना द्यायचा तर अर्ज लागतो, अर्ज आधी वरच्या कचेरीत जातो, तिथून साहेबांच्या टेबलावर... एवढ्यात बोटं हलायला लागली.

"मधलं काढा, डॉक्टर. हाय का न्हाय?"

"हाय," मी म्हणालो.

"मग अर्ज उद्या देतो. आज जागा द्या."

नाव शिवलीला मगदूम. शहरातल्या एका कॉलेजात जीवरसायनशास्त्र शिकवायच्या. गाव नेसरीकडचं, घरात निम्मं कन्नड, निम्मं मराठी, त्यामुळे सगळ्यांच्या त्या अक्का. कॉलेजचा नायट्रोजनचा कॅन खराब झाला होता आणि नव्याचा विषय कमिटीसमोर होता. कमिटीसमोरच्या विषयाचं काय होतं हे नोकरी केलेल्या माणसाला सांगायला नको. म्हणून बाई आमच्याकडे आल्या होत्या, रेड्यांच्या नळ्यांशेजारी जागा मागायला.

"पण ठेवणार काय?" मी विचारलं.

"कात्री," त्या म्हणाल्या.

खिडकीला म्हशीचं जुनं दावं लटकत होतं. ते त्यांनी माझ्या टेबलावर घेतलं, मध्येच मुडपलं आणि पीळ सैल करून त्याला दोन ठिकाणी फुगवटे काढले.

"हे बगा. पेशीत प्रथिन बांधायचं काम चालू असतंय. त्याला एकेक वीट उचलून आणणारा हमाल असतोय, आरएनएचा. हमाल नवा तयार होतोय तवा त्याच्या पोटात एक जादा तुकडा असतोय. त्यो काढल्याबिगर हमाल कामाचा न्हाय. मग कात्री येत्या. ह्या फुगवट्यावर एक घाव, ह्या फुगवट्यावर एक घाव. मधलं काढलं, विषय संपला."

"आणि टोकं? ती तर सुटी राहिली."

त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. "टोकं जोडणारा वेगळा हाय. कापणाऱ्याला जोडता येत न्हाय, डॉक्टर."

त्या दिवशी मी ते हसण्यावारी नेलं. बाई विक्षिप्त आहेत, पण चहाला बऱ्या आहेत, एवढंच मत झालं. पुढे चहा वाढत गेले आणि मला हळूहळू सगळं कळत गेलं. घाटाखाली कोकणात एक गरम पाण्याचं कुंड होतं. लोक फडक्यात तांदूळ बांधून त्यात सोडत आणि शिजलेला भात घेऊन वर येत. आईचे गुडघे शेकायला म्हणून लीलाक्का तिथे गेल्या आणि थर्मास भरून पाणी घेऊन आल्या. भात शिजणाऱ्या त्या पाण्यात आर्किया राहतात. दिसायला जिवाणूंसारखे, पण जिवाणू नव्हेत. "तिसरंच घराणं हाय," अक्का म्हणायच्या, "आणि आपलं नातं जिवाणूंपेक्षा ह्यांच्याशी जवळचं." ती कात्री, म्हणजे ते एन्झाइम, या कुंडातल्या जिवाचं. नंतर कुंडाचं सुशोभीकरण झालं. फरशा बसल्या, ब्लीचिंग पावडर पडली, आता पाणी छान निळं दिसतं आणि त्यात कोणी राहत नाही. कात्रीचं जनुक तेवढं अक्कांनी आधीच काढून साध्या जिवाणूत घालून ठेवलं होतं.

एन्झाइम वेगळं काढायची त्यांची रीत मला फार आवडायची. साध्या जिवाणूंचा रस करायचा आणि तो सरळ तापवायचा. बाकीची सगळी प्रथिनं नासलेल्या दुधासारखी फाटून तळाला बसतात. कुंडातल्या कात्रीला उकळत्या पाण्याची सवय, ती तेवढी वर निवांत राहते. "सगळं सासर शिजलं आणि सून तशीच बसल्या," असं म्हणून अक्का स्वतःच मोठ्यांदा हसायच्या. लग्न त्यांनी केलं नव्हतं. कारण विचारायची माझी छाती झाली नाही, विचारलं असतं तर मधलं काढूनच सांगितलं असतं.

ती कात्री चार तुकड्यांची. दोन तुकडे कापतात आणि दोन नुसते धरून ठेवतात. धरणाऱ्यांना धार नसते, पण ते काढून घेतले तर कापणाऱ्यांचं पातं जागेवर बसत नाही. इथवर जगाला माहीत होतं. अक्कांच्या कात्रीत वेगळं काय, तर इतर भाऊबंदांना दोन्ही फुगवटे नीट लागतात, हिला एखादा वाकडा असला तरी चालतो. कुंडातली ही कात्री नडलेल्या हमालालाही मोकळं करते. तिच्या अंगावर एक जादा वळसा आहे, तो वाकड्या आरएनएच्या बेचक्यात शिरून त्याला सरळ धरत असणार, असा अक्कांचा अंदाज. त्यांनी तो एका संशोधनाच्या नियतकालिकाला लिहून पाठवला, तर तिथल्या तपासणाऱ्यांनी परत विचारलं, आकार कुठे आहे? आकार दाखवल्याशिवाय अंदाज म्हणजे नुसती गोष्ट. तो वळसा नेमका कुठे बसतो हे एकदा डोळ्यांनी बघायचं, एवढी एकच मागणी घेऊन ही बाई सगळी उमेदीची वर्षं कॉलेजातल्या आपल्या खोलीत बसली होती.

पण एन्झाइम कुठल्याही सूक्ष्मदर्शकातून असं दिसत नाही. त्याचे असंख्य रेणू कवायतीतल्या पोरांसारखे एका मापाच्या रांगांत उभे राहिले की स्फटिक तयार होतो. अक्का त्याला खडा म्हणायच्या. त्या खड्यातून क्ष-किरण सोडले की पलीकडे रांगोळीच्या ठिपक्यांसारखे ठिपके उमटतात आणि त्यांवरून आकार काढता येतो. खडा धरणं मात्र कुणाच्या हातात नसतं. काचेवर उलटा थेंब टांगून ठेवायचा आणि वाट बघायची.

गणपतीतली गोष्ट. विसर्जनाच्या आदल्या दिवशी अक्का रिक्षातून आल्या, मांडीवर काचेचं तबक, वर पदर. कॉलेजच्या रस्त्यावर डॉल्बी सुरू झाला होता.

"भिंती हालाय लागल्यात रे तिकडं," त्या म्हणाल्या. डोळे पाण्याने भरले होते. "आत्ता कुठं थेंबात कायतरी चमकाय लागलंय. इथं ठेवून घे. मला कुटं जागा न्हाय."

औषधांची खोली मी रिकामी करून दिली. पंखा बंद, दार बंद, आणि त्या भिंतीजवळ मोटारसायकल सुरू करायची नाही अशी सदाशिवला ताकीद. तो बिचारा गाडी रस्त्यापर्यंत ढकलत नेऊन किक मारायचा. अक्का रोज कॉलेज सुटल्यावर यायच्या, दार किलकिलं करून आत जायच्या आणि तशाच बाहेर यायच्या. एका संध्याकाळी आतून हाक आली, "तम्मा, ये." तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. तोवर मी डॉक्टर होतो.

सूक्ष्मदर्शकात बघितलं. खडीसाखरेसारखे खडे, स्वच्छ कडांचे, एकेक खसखशीच्या दाण्याहून लहान. मी आजवर शेकडो वासरं ओढून काढली आहेत, पण असा शहारा माझ्या अंगावर कधी आला नव्हता. अक्कांनी कपाळावरची विभूती बोटाने पुसून सूक्ष्मदर्शकाला लावली.

ते खडे त्यांनी नायलॉनच्या केसाएवढ्या फासात उचलले. पोलादी काडीच्या टोकाला तो फास, फासात एक खडा, आणि काडी सरळ नायट्रोजनमध्ये. श्वास धरून करायचं काम. हात असा की थेंबालाही कळू नये. सहा-सात काड्या झाल्या. आमच्या मोठ्या कॅनमधला एक कप्पा त्यांच्या नावाने मोकळा ठेवला आणि त्याला कुणी हात लावायचा नाही असं ठरलं.

"ध्यानात ठेव," त्या म्हणाल्या. "एकदा बुडवली की वर काढायची न्हाय. थोडी जरी वर आली की आतल्या पाण्याचा बर्फ होतोय आणि रांगा मोडत्यात. उकळतं पाणी सोसणारं हे, पर ह्येला आता वारा सोसत न्हाय."

पुन्हा तसे खडे धरलेच नाहीत. तेच द्रावण, तीच खोली, तीच हवा. अक्कांनी सदाशिवकडून म्हशीच्या शेपटीचे केस मागून घेतले. जुन्या खड्यांचा चुरा केसाला लावून नव्या थेंबातून ओढला तर कधी कधी खडा धरतो म्हणे. सदाशिवने सगळ्यात लांब शेपटीच्या म्हशीचे केस आणले. तरी नाही. म्हणजे जगात जे काही होतं ते आमच्या कॅनमधल्या त्या काड्यांत होतं. आकार काढणारं मोठं यंत्र लांब उत्तरेत, आणि तिथे पाळी लागली ती पुढच्या वर्षीच्या दिवाळीनंतरची.

उन्हाळ्यात अक्कांचं पोट दुखायला लागलं. त्यांनी ते बरेच दिवस अंगावर काढलं. शेवटी मीच गाडीत घालून दवाखान्यात नेलं. तपासण्या झाल्या, आणि एका तरुण डॉक्टरने कागदावर पोटाचं चित्र काढून समजवायला घेतलं. गाठ कुठे आहे, कुठवर पसरली आहे, कुठली औषधं, कुठल्या क्रमाने. बोलताना तो त्यांच्याकडे बघत नव्हता. मला वाटलं, आता तरी बाई ऐकून घेतील.

"मधलं काढा, डॉक्टर," अक्का हळू आवाजात म्हणाल्या. "दिवाळी हाय का न्हाय?"

त्या पोराने पेन खाली ठेवलं. "औषधं घेतली तर... बहुतेक," तो म्हणाला. अक्कांनी मान हलवली. गाडीत बसल्यावर त्यांनी विचारलं, "पातळी किती हाय?" मला आधी कळलंच नाही. कॅनची पातळी विचारत होत्या.

त्यानंतर रोज सकाळी फोन. "पातळी किती हाय, तम्मा?" मी सांगायचो. औषधांनी त्यांचे केस गेले, जेवण तुटलं, आवाज बसला, पण सकाळचा फोन चुकला नाही. कधी कधी मला राग यायचा. स्वतःच्या अंगात काय उरलं आहे ते विचारायचं सोडून ही बाई माझ्या कॅनचं विचारते. एकदा तसं बोललो, तर म्हणाल्या, "माझी पातळी तू मोजू नको. ती मला कळत्या."

मग महापूर आला. पंचगंगा महामार्गावर चढली आणि टँकर पलीकडे अडकला. कोल्हापूरच्या माणसाला हे नवीन नाही, आम्ही अंदाजाने चार दिवस धरून चालतो. पण दुसऱ्या दिवशी मोठ्या कॅनच्या मानेभोवती बाहेरून दव धरलेलं दिसलं. बाहेरून दव म्हणजे कॅनच्या दोन भिंतींमधली पोकळी निकामी झाली, आणि आतला नायट्रोजन आता बघता बघता उडणार. धड असलेला एकच कॅन उरला, सदाशिवचा फिरतीचा. रेड्यांच्या निवडक नळ्या आणि अक्कांच्या काड्या त्या एका छोट्या कॅनमध्ये, एकाच कप्प्यात कोंबल्या. काड्या तळाला, नळ्या वर.

आणि गावागावांतून फोन यायला लागले. माळावर, शाळांच्या पटांगणात, साखर कारखान्याच्या गाडीअड्ड्यावर लोक जनावरं घेऊन येऊन राहिले होते. पूर आला म्हणून म्हैस माजावर यायची थांबत नाही. सदाशिव कॅन बांधून उभा राहिला आणि मी त्याला अडवलं. तो छोटा कॅन उघडायचा म्हणजे प्रत्येक वेळी अक्कांच्या काड्यांसह कप्पा मानेपर्यंत वर येणार. अक्का तेव्हा औषधांसाठी दवाखान्यात होत्या, मी तिथे फोन लावला.

"अक्का, टँकर येईपर्यंत कॅन बंद ठेवतो. रेतन थांबवतो. वरच्यांना काय सांगायचं ते मी बघतो."

अक्कांनी विचारलं, "माज गेला तर पुन्हा कवा येतोय?"

"तीन आठवड्यांनी."

"त्यांचं घरदार पाण्यात हाय. हातात म्हैस तेवढी हाय. जाऊ दे त्याला."

"अक्का, तुमचे खडे—"

"जाऊ दे म्हटलं की. कप्पा जास्त वर काढू नको म्हणावं. चटकन नळी घ्यायची, चटकन बुडवायचं." मी पुन्हा काही म्हणू लागलो. "बेडा तम्मा, नको. आणि कायबी बोलू नको. माझं मन बदलंल."

सदाशिव गेला. चिखलातून, ट्रॅक्टरवर बसून, कॅन पोरासारखा पोटाशी धरून. टँकर आला तेव्हा कॅनमध्ये पट्टीच्या टोकाला दव धरेल एवढाच नायट्रोजन होता. पण होता. मी अक्कांना पातळी सांगितली, तर त्या फोनवरच रडल्या.

दिवाळी त्यांनी गाठली. काड्या यंत्राकडे निघाल्या तेव्हा त्यांची एक विद्यार्थिनी खास कॅन घेऊन रेल्वेने गेली. अक्कांनी एक काडी मागे ठेवून घेतली. "सगळ्या एकदम धाडायच्या नसत्यात. आमची अव्वा सगळं बी पेरत नव्हती," एवढंच म्हणाल्या. अव्वा म्हणजे त्यांची आई.

यंत्रावरची पहिली चित्रं फोनवर आली तेव्हा मी त्यांच्या खाटेशेजारी होतो. त्यांना चष्मा लावून दिला. ठिपके यायला हवे होते. पांढऱ्या पडद्यावर काळी गोल कडी होती, एकात एक, तव्यावरच्या धिरड्याच्या कडांसारखी. दुसरं चित्र, तेच. तिसरं, तेच.

"बर्फ," अक्का म्हणाल्या.

बाकीच्या काड्यांचीही चित्रं आली. मी फोन बंद करू बघत होतो, त्यांनी करू दिला नाही. शेवटच्या चित्रापर्यंत बघितलं. मग चष्मा काढला आणि भिंतीकडे तोंड केलं. अशा वेळी माणसं देवाचं नाव घेतात, धीर देतात. मी त्यांचा चष्मा पुसून डबीत ठेवला.

दोन दिवसांनी सदाशिव भेटायला आला. मी नको म्हणत होतो. दारातच उभा राहून त्याने सुरुवात केली. "अक्का, माझ्या हातनं झालंय. पाऊस हुता, नळीवरचा आकडा वाचाय येत न्हवता, लोक म्हणायचे चांगल्या रेड्याची घाल, म्हनून मी कप्पा धरून बघत बसलो. तुमी सांगितलतं तरी..."

बोटं हलली. आता त्यांच्यात फारसा जीव नव्हता, पण हलली.

"मधलं काढ, सदा. म्हशी गाभण ऱ्हायल्या का?"

सदाशिव माझ्याकडे बघायला लागला. पोटात हात घालून गाभणपणाची तपासणी मीच केली होती. "राहिल्या, अक्का," मी सांगितलं. "बऱ्याचशा राहिल्या."

"मग झालं तर," त्या म्हणाल्या आणि सदाशिवला जवळ बसवून लाडू खायला लावला.

हे इथे संपलं असतं तर मला बरं वाटलं असतं. लोक त्यांची आठवण सांगतात तेव्हा इथेच संपवतात, किती मोठं मन वगैरे. पण मी पुढचंही बघितलं आहे. चार दिवसांनी त्यांनी मला कॉलेजात न्यायला लावलं. जिन्यात दोनदा बसल्या. नव्या तीन थेंबांत काहीतरी बारीक चमकतंय असं परत आलेल्या विद्यार्थिनीने कळवलं होतं. अक्का सूक्ष्मदर्शकापुढे बसल्या, फासाची काडी हातात घेतली, श्वास धरला. औषधांनी बोटं बधिर झाली होती. फास थेंबाशी नेताना हात असा थरथरला की थेंबच पसरला. दुसरा थेंब, तसंच. तिसऱ्याला विद्यार्थिनी म्हणाली, मॅडम, मी करू? अक्कांनी तिला झिडकारलं आणि स्वतःच केलं. थेंब काचेवरून ओघळून गेला.

मग त्या ओरडल्या. इतक्या मोठ्यांदा की बाहेरची पोरं थबकली. "मला काय पाहिजे हुतं रे? घर मागितलं? पोर मागितलं? एकदा बघायचं हुतं, तम्मा! कसं दिसतंय एवढंच बघायचं हुतं!" ती बधिर बोटं त्या टेबलावर आपटत होत्या. मी त्यांचे हात धरले. हाडं नुसती. घरी पोचेपर्यंत त्या मला एकच गोष्ट विचारत राहिल्या, ती मागं ठेवलेली काडी हाय ना, पातळी किती हाय. हाय, अक्का. भरपूर हाय.

संक्रांतीच्या आधी त्या गेल्या. आदल्या सकाळी फोन आला होता. आवाज नव्हता, नुसता श्वास. मी आपणहून पातळी सांगितली आणि पलीकडून फोन ठेवला गेला.

कॉलेजात शोकसभा झाली. ज्यांनी त्यांचा कॅन मंजूर केला नाही ते सगळ्यात जास्त बोलले. बोटं हलवणारं कुणी नव्हतं, त्यामुळे सभा लांबत गेली. त्यांच्या खोलीत आता झेरॉक्सचं यंत्र आहे. विद्यार्थिनी नोकरीला लागून बेंगळुरूला गेली. यंत्रवाल्यांना मी स्वतः विचारलं, एक काडी उरली आहे, घ्याल का? फार सभ्यपणे उत्तर आलं की जबाबदारी घेणारा संशोधक हवा. मी म्हशींचा डॉक्टर. मी चार कॉलेजांत जाऊन आलो. सगळे ऐकून घेतात, चहा देतात, आणि काडीत खडा आहे की बर्फ असं विचारतात. पुरात तीही त्याच छोट्या कॅनमध्ये होती. तळाला होती, कदाचित बुडालेली राहिली असेल. बहुधा नसेल. बघायचं तर वर काढावी लागेल, आणि वर काढली की जे काही असेल ते जाईल.

म्हणून ती अजून कॅनमध्ये आहे, वेगळ्या कप्प्यात. त्या कप्प्याला सदाशिव हात लावत नाही आणि दुसऱ्या कुणाला लावू देत नाही. त्या पुरात भरवलेल्या म्हशींची रेडकं आता चांगली कमरेएवढी उंच झाली आहेत, एखादं वाटेत दिसलं की तो मोटारसायकल थांबवून उगाच त्याच्याकडे बघत बसतो.

सकाळी मी पट्टी बुडवतो आणि बाहेर काढून हवेत हलवतो. जिथवर नायट्रोजन, तिथवर पांढरं दव धरतं. सवयीने हात फोनकडे जातो. मग दारातून सदाशिव विचारतो, "पातळी किती हाय, डॉक्टर?"

मी सांगतो. तो मान हलवतो आणि कामाला जातो.